समतोल सभासद

मँगोनुईच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा कॅप्टननं प्रवाशांना एकच सूचना दिली. कॅप्टनचं नाव विरेमू. पांढरी दाढी, पायात जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात चहाचा मग. इथल्या पद्धतीनं नमस्कार करत तो म्हणाला, "किआ ओरा. देवमासा दिसला की सगळे एकदम एका बाजूला पळू नका, हं. मागच्या वेळी माझा चहा सांडला होता."

लोक हसले. कॅप्टन आत गेला. सूचना मात्र बाहेर राहिली आणि पुढचे तीन दिवस आमच्या स्नेहसंघानं तिच्यावर काम केलं.

इथे परदेशात, पापाकुऱ्याचा आमचा मराठी स्नेहसंघ ही रीतसर नोंदवलेली संस्था आहे. दोन हजार सतराच्या फेब्रुवारीत, वायटांगी या इथल्या राष्ट्रीय दिवसाच्या लाँग वीकेंडला, संघानं उत्तरेच्या ओसाड किनाऱ्याची वन्यजीव सफर काढली. जिथे आधी घरं संपतात, मग रस्ता संपतो आणि शेवटी नुसती पांढरी वाळू आणि कडे उरतात, तिथपर्यंत बोटीनं जायचं. वाटेत डॉल्फिन बघायचे, कड्यांवरचे पक्षी बघायचे, आणि मुख्य म्हणजे देवमासा बघायचा. बोटीवर आम्ही तीसेक जण होतो. बहुतेक आयटीवाले आणि इंजिनियर, थोडे डॉक्टर, माझी सून फार्मसिस्ट, त्यांची मुलं, आणि आम्ही आठ म्हातारे. संघाच्या घटनेत आमच्यासाठी वेगळा वर्ग आहे. त्याला 'भेटीवर आलेले पालक' म्हणतात. या वर्गाला मताचा अधिकार नाही. पोळ्या करण्याचा आहे.

आमच्यात आनंदीबाई होत्या. संघाचे अध्यक्ष प्रमोद यांच्या त्या आई. या बाईंना देवमासा बघायचाच होता, आणि त्याला कारण होतं. वाईजवळच्या शाळेत त्या आणि त्यांची धाकटी बहीण स्नेहलता एकाच खोलीत शिकल्या. मास्तरांनी एकदा सांगितलं की देवमाशाच्या जबड्यात अख्खी बैलगाडी मावते, बैलांसकट. स्नेहलता उठून म्हणाली, "खोटं!" तिला छडी मिळाली. आनंदीबाईंचं म्हणणं, मास्तर खरं बोलले. स्नेहलताबाईंचं म्हणणं, मास्तरांनी मासा सोडा, समुद्रसुद्धा बघितला नव्हता. दोघींची लग्नं झाली, नातवंडं झाली, वाद काही मिटला नाही. आता स्नेहलताबाई सांगलीला मांडीचं हाड मोडून अंथरुणावर होत्या, आणि इकडे डॉक्टरांनी आनंदीबाईंना सांगितलं होतं की यापुढे इतका लांबचा विमानप्रवास नको. बुधवारी त्या कायमच्या परत निघणार होत्या. निरोप आला होता, "बघून ये आणि खरं खरं सांग. लाज वाटू देऊ नकोस."

म्हणजे देवमासा बघायला हे तीन दिवस होते. पुन्हा नव्हते.

बोट खाडीबाहेर पडायच्या आत प्रमोदनं तातडीची बैठक बोलावली. त्या सुमारास देशात हेल्थ अँड सेफ्टीचा नवा कायदा आला होता आणि तो प्रमोदला चांगलाच चावला होता. गणपतीत त्यानं मूर्ती उचलणाऱ्याला नारंगी जाकीट घातलं होतं, आणि आरतीच्या वेळी निरांजनापाशी एक माणूस वाळूची बादली घेऊन उभा केला होता. त्या माणसाला आरती येत नव्हती, म्हणून तोच निवडला. म्हणजे त्याचं लक्ष दुसरीकडे जाणार नाही.

"कॅप्टननं रिस्क आयडेंटिफाय केलीय," प्रमोद म्हणाला. "आता आपण दुर्लक्ष केलं तर जबाबदारी आपली."

"अरे, तो गमतीत म्हणाला," माझा मुलगा शुभंकर म्हणाला.

"टोन मिनिट्समध्ये येत नाही."

प्रमोदनं इतिवृत्ताची वही उघडली. त्यानं धोक्याचं नाव लिहिलं: 'देवमासा दिसणे.' धोक्याचं कारण: 'सभासदांचा आनंद.' आनंद टाळणं शक्य नसल्यामुळे तो आटोक्यात ठेवायचा, असं ठरलं. त्यासाठी मासा ज्या बाजूला दिसेल त्याच्या विरुद्ध बाजूला पुरेसं वजन बसलेलं असायला हवं. आता हे वजन कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं.

मग चिटणीस नीलिमा, म्हणजे प्रमोदची बायको, फार गोड आवाजात म्हणाली, "आपले आईबाबा आहेतच ना. तसेही ते बसूनच असतात."

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आम्हाला मतच नसल्यामुळे एकमताला अडचण आली नाही.

ठरावाच्या पहिल्या मसुद्यात आमच्यासाठी 'बॅलास्ट', म्हणजे बोट स्थिर ठेवायला भरलेलं वजन, असा शब्द होता. नीलिमाला तो खटकला. ती संघाच्या दिवाळी अंकाची संपादक आहे. तिनं तो खोडून 'समतोल सभासद' असं केलं. प्रमोदनं बॅगेतून आठ नारंगी जाकिटं काढली आणि प्रत्येकाच्या पाठीवर ते दोन शब्द चिकटवले. मला आयुष्यात कधी पद मिळालं नव्हतं. मी जाकीट काढून मांडीवर पसरलं आणि अक्षरं लावून लावून वाचली. अक्षरं मला उशिरा आली, त्यामुळे छापलेल्या गोष्टीचा मी जरा जास्तच मान ठेवतो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दुपारभर मी छाती काढून बसलो होतो.

आनंदीबाईंनी मात्र लेकाला गाठलं.

"प्रमोद, अरे मला मासा बघायचाय."

"आई, त्यासाठीच तर ट्रिप काढलीय."

"मग मी उलट्या बाजूला कशी?"

"हे बघ, अध्यक्षाच्या आईलाच सूट दिली तर लोक काय म्हणतील? उद्या सगळेच आपापल्या आया घेऊन येतील इकडे."

"आल्या तर काय होईल?"

"तेच तर आपल्याला होऊ द्यायचं नाहीये," प्रमोद म्हणाला आणि तिला जाकिटाची चेन लावून दिली.

मग वजनं झाली. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात बॅगा जोखायचा काटा असतो, आणि प्रमोद तो बोटीवरसुद्धा घेऊन आला होता. आमच्यातले जगदीशराव हे निवृत्त ऑडिटर, त्यांनी उत्साहानं एकेकाला काट्यावर उभं केलं. निकाल वाईट लागला. भेटीवर आलेले पालक वजनाला फार कमी भरतात. आधी प्रवासानं वाळतात, मग नातवंडांमागे धावून. या आठ जणांत समोरच्या बाजूचे पाच आजीव सभासदसुद्धा तोलले जात नव्हते.

"तूट भरून काढावी लागेल," जगदीशराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जुने दिवस परत आले होते.

संघानं स्वयंपाकाचं सामान बरोबर आणलं होतंच. ते आमच्या मांड्यांवर वाटण्यात आलं. मला बासमतीचं पोतं मिळालं. विभावरीबाईंना भाजणीचा डबा आणि वर खलबत्ता. जगदीशरावांनी स्वतःसाठी पितळी पातेलं मागून घेतलं. आनंदीबाईंच्या मांडीवर मोठा कुकर आला, शिट्टीसकट. शिवाय असा नियम झाला की मासा दिसत असताना समतोल सभासदांनी मान वळवू नये, कारण मान वळली की गुरुत्वमध्य सरकतो. हे एका इंजिनियरनं सांगितलं. तो सॉफ्टवेअर इंजिनियर होता.

मुलांना कोणत्याच बाजूला ठेवणं सुरक्षित नव्हतं, म्हणून ती खालच्या केबिनमध्ये होती. तिथे ती टॅबवर देवमाशांचे व्हिडिओ बघत होती.

पहिला देवमासा शनिवारी दुपारी उजव्या बाजूला आला. आम्ही डावीकडे, पाठ करून. मागे एकदम गलका झाला. "ओ माय गॉड!" "अरे तो बघ, तो बघ!" "हीप्स क्लोज आहे यार!" मला समोर निळं पाणी दिसत होतं. त्यात काही नव्हतं. फार मोठं पाणी होतं आणि त्यात काहीही नव्हतं.

नीलिमा मागून ओरडून सांगत होती. "आई, दिसला हं! काय सुंदर आहे! तुम्हाला कळतंय ना?"

"केवढा आहे गं?" आनंदीबाईंनी समोर बघतच विचारलं.

"खूप मोठा!"

"बैलगाडी मावेल का?"

"काय?"

"जबडा! जबडा केवढा आहे?"

"आई, मान सरळ!" प्रमोद ओरडला.

नंतर आम्हाला फोटो दाखवले. पहिल्या फोटोत प्रमोदचा कान होता. दुसऱ्यात पाणी आणि पाण्यावर एक डाग. तिसऱ्यात सगळे आजीव सभासद एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते, आणि मासा नक्की कुठे होता हे दाखवायला कोणीतरी वरून बाण काढला होता.

पण देवमाशाला आमची घटना माहीत नसल्यामुळे अडचणी सुरू झाल्या. तो बोटीखालून जायचा आणि डावीकडे वर यायचा. डावीकडे आम्ही होतो. कायद्यानं ही बाजू बघणाऱ्यांची नव्हती. मग प्रमोदनं शिट्टी आणली. शिट्टी वाजली की बाजू बदल. बघणाऱ्यांनी डावीकडे यायचं, समतोलानं उजवीकडे जायचं. बोटीच्या मधल्या अरुंद वाटेत दोन्ही लोंढे समोरासमोर यायचे. आमच्या हातात पोतं, पातेलं, खलबत्ता, कुकर. समोरून कॅमेरे. संस्कारी मुलं ती. एवढ्या घाईतही, "नमस्कार काका, जरा बाजूला होता का?" असं म्हणून वाकून पुढे जायची. वाटेत कोणी अडकलं की मासा डावीकडून निघून जायचा, आणि दोन्ही पक्ष आपापल्या नव्या बाजूला पोचून रिकामं पाणी बघायचे. तेवढ्यापुरती खरी समानता यायची.

एकदा कॅप्टन विरेमू चहा घेऊन बाहेर आला. त्यानं आम्हाला बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मेट," त्यानं प्रमोदला विचारलं, "हे लोक कुकर धरून का बसलेत?"

"तुमचीच सूचना होती. बॅलन्स."

"या बोटीवरून मी एकदा अख्खी रग्बी टीम नेली आहे. सगळे एकाच बाजूला उभे होते. बोट तेवढीसुद्धा कलली नाही."

"तेव्हा तुमच्याकडे सिस्टिम नव्हती," प्रमोद म्हणाला. "आता आहे. आज तुमचा चहा सांडला का?"

कॅप्टननं मगात बघितलं. "नाही."

"मग?"

कॅप्टननं विचार केला. सिस्टिमच्या विरोधात त्याच्याकडे पुरावा नव्हता. "पण मी सूचना मागे घेतो," तो म्हणाला.

"ती आता तुमची राहिलेली नाही. ठराव झालाय. रद्द करायला सर्वसाधारण सभा लागते, आणि तिची नोटीस आधी द्यावी लागते."

"स्वीट ॲज," म्हणजे ठीक आहे, असं कॅप्टन म्हणाला आणि आत गेला. जाताना त्यानं आनंदीबाईंना टोपी काढून सलाम केला. त्यांनी कुकर थोडा उचलून सलाम परत केला.

रविवारी तर वेगळीच गोष्ट घडली. आम्ही उजव्या बाजूला होतो. पाणी शांत होतं. अचानक आमच्या समोर, अगदी समोर, पाण्याखाली काहीतरी काळं लांबलचक सरकलं. आनंदीबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "गुरुनाथराव, तो बघा." आणि त्याच क्षणी आम्ही आठही जण उठलो, आपापलं सामान उचललं आणि डाव्या बाजूला चालायला लागलो. शिट्टी झाली नव्हती. कोणी सांगितलं नव्हतं. मधल्या वाटेत पोचल्यावर आनंदीबाई थांबल्या. मीही थांबलो. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तोवर उजव्या बाजूला बघणारे पोचले होते आणि ओरडत होते.

प्रमोदचे डोळे भरून आले. "याला म्हणतात कल्चर!" तो सगळ्यांना म्हणाला. "प्रोसेस आतून आली पाहिजे."

त्या संध्याकाळी आनंदीबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "हयात गेली बहिणीशी भांडण्यात. आता फोन करून काय सांगू? की मासा आला आणि मी कुकर घेऊन निघून गेले?"

"तुम्ही सांगा की मावते," मी म्हटलं. "तिला कुठे कळणार आहे?"

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "गुरुनाथराव, खोटं सांगायचं असतं तर मी वाईहूनच सांगितलं असतं. विमानाचा खर्च कशाला केला असता?"

"म्हणजे उद्या."

"उद्या," त्या म्हणाल्या. "आणि उद्या उठायचं नाही. कोणीच."

विभावरीबाईंनी भाजणीच्या डब्यावर हात ठेवून शपथ घेतली. जगदीशरावांना जरा वेळ लागला. नियमाबाहेर जाणं त्यांना जमत नव्हतं. मग त्यांनीच वाट काढली. शिट्टी वाजली तरच उठणं बंधनकारक आहे, आणि शिट्टी वाजण्यासाठी मासा आल्याचं अध्यक्षांना कळायला हवं. ते कळवायची जबाबदारी ठरावात कोणावरही टाकलेली नाही. ऑडिटरची अशी नजर वाया गेली नाही याचा त्यांना आनंद झाला.

सोमवार शेवटचा. सकाळी नीलिमानं जाहीर केलं की समतोल सभासदांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल संघातर्फे त्यांचा जाहीर सत्कार होईल. शाल आणि श्रीफळ. नारळ बोटीवर आणायला परवानगी नव्हती, म्हणून श्रीफळाऐवजी किवी. कार्यक्रम उजव्या डेकवर. सगळे सभासद उजव्या डेकवर जमणार म्हटल्यावर समतोल सभासदांनी डावीकडे बसणं अर्थातच भाग होतं. त्यामुळे सत्कार सत्कारमूर्तींच्या अनुपस्थितीत करायचा ठरला. आमच्या शाली एका खुर्चीवर ठेवल्या आणि त्या खुर्चीचा सत्कार झाला.

आम्ही डावीकडे बसून ऐकत होतो. आधी स्वागत झालं. मग प्रास्ताविक. मग प्रमोदचं अध्यक्षीय भाषण सुरू झालं. "ज्या पिढीनं आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या," तो म्हणत होता, "ज्यांच्यामुळे आज आपण या उंचीवर उभे आहोत..."

आणि पाणी फुगलं.

मी पाण्याला तसं करताना कधी बघितलं नव्हतं. खालून कोणीतरी चादर उचलावी तसं ते वर आलं. मासोळ्या पावसासारख्या उडायला लागल्या. आणि मग त्यांच्यामधून तो वर आला, तोंड उघडूनच. आधी टोकदार वरचा जबडा, मग खालचा. खालचा फुगत गेला, फुगत गेला, त्याच्यावरच्या घड्या उलगडत गेल्या, एखादा तंबू उभारावा तशा. आम्ही काठी टेकली असती तर लागली असती. आत गुलाबी होतं. त्या तोंडात समुद्र शिरत होता.

कोणी उठलं नाही. विभावरीबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. जगदीशराव पातेल्याला मिठी मारून रडत होते. आनंदीबाई पुढे झुकल्या, हात पसरून त्यांनी हवेत माप घेतलं. चाक इथे, जू इथे, बैल इथे. त्या झुकल्या आणि कुकरचं झाकण खणखणत खाली पडलं.

"काय झालं?" पलीकडून प्रमोदनं माइकवरून विचारलं.

देवमासा आमच्याकडे एका डोळ्यानं बघत होता.

"काही नाही रे," आनंदीबाई म्हणाल्या. "झाकण पडलं."

"सांभाळून, आई," प्रमोद म्हणाला आणि पुन्हा आमच्या त्यागाकडे वळला. टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच माशानं श्वास सोडला आणि आम्ही आठ जण डोक्यापासून पायापर्यंत भिजलो. सडक्या मासळीचा वास होता. इतका सुंदर वास मी जन्मात घेतला नाही. मग तो वळला, पाठ दाखवत दाखवत, खूप वेळ ती पाठ संपेचना, आणि पाण्यात गेला. मी वर बघितलं. कॅप्टन विरेमू खिडकीतून आमच्याकडे बघत होता. त्यानं चहाचा मग उंच केला. चहा सांडलेला नव्हता.

आभारप्रदर्शनानंतर नीलिमा आमच्या शाली घेऊन आली. "अय्या, तुम्ही भिजलात कसे?"

"लाट आली," आठ जणांनी सांगितलं. हेसुद्धा सर्वानुमते.

संध्याकाळी मँगोनुईला तरुण मंडळी फिश अँड चिप्सच्या रांगेत गेली. आम्हाला सामानापाशी बसवलं होतं. बॅगांवर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. सांगलीत तेव्हा सकाळ होती. आनंदीबाईंनी फोन लावला.

"स्नेहे, मावते गं! बैलांसकट मावते. बैलांची शिंगं तेवढी बाहेर राहतील."

पलीकडून स्नेहलताबाई म्हणाल्या, "तू स्वतः बघितलंस?"

"या डोळ्यांनी. माझ्या अंगावर थुंकला तो."

"मास्तर खरं बोलले म्हणजे." आणि मग लगेच, "पण गाडी कुठली? छकडा की मोठी? मास्तर मोठी म्हणाले होते. मोठी मावणार नाही."

"मावेल!"

"नाही मावणार! मला शिकवू नकोस!"

आनंदीबाईंचा चेहरा असा उजळला की बाजूच्या बाकावरचे गोरे म्हातारे वळून बघायला लागले. दोघी अजून बरीच वर्षं भांडणार होत्या. इतक्यात प्रमोद चिप्सचा कागद घेऊन आला आणि त्यांनी फोन पदराखाली घेतला.

"एवढं काय जोरात बोलत होतीस, आई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या.

प्रमोदनं ते मान्य केलं. संघाच्या अहवालात तुम्हाला वाचायला मिळेल की सफर यशस्वी झाली, बोट कुठेही कलली नाही आणि ज्येष्ठांनी सहलीचा शांतपणे आनंद घेतला. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

तुमच्याही घरी सहा महिन्यांच्या व्हिसावर कोणी आलेलं असेल. मुलं सांभाळत असेल, बॅगांपाशी बसत असेल, तुम्ही कामावर गेल्यावर घराच्या दुसऱ्या बाजूला वजन म्हणून राहत असेल. संध्याकाळी बूट काढता काढता तुम्ही विचारत असाल, "आज दिवसभर काय केलंत?" आणि उत्तर येत असेल, "काही नाही." निश्चिंतपणे विश्वास ठेवा. फक्त एकदा जवळ जाऊन बघा, त्यांच्या अंगाला समुद्राचा वास येतोय का.